इंजिन जुने, कमान नवी

जुनी गाडी नव्याने उभी करणाऱ्या लोकांत एक वाद सतत चालू असतो. तिच्यातले काय जुने ठेवायचे आणि काय नवे घालायचे, हा तो वाद. वरवर पाहता हा हौशी आणि पैसेवाल्या माणसांचा विषय वाटतो. गॅरेजच्या बाहेर त्याला काय किंमत, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. वारशाने आलेल्या गोष्टीशी इमान राखायचे म्हणजे नेमके कशाशी राखायचे, हा प्रश्न आपण अनेक व्यासपीठांवर चर्चिला आहे. गॅरेजमध्ये तोच प्रश्न तेलाने माखलेल्या लोखंडाच्या रूपात समोर येतो, आणि तिथे शब्दांचा धूर कमी असल्यामुळे तो जरा स्वच्छ दिसतो.

अमेरिकेत १९६४ साली पॉन्टिॲक कंपनीने जीटीओ नावाची गाडी काढली. मध्यम आकाराच्या साध्या मोटारीत ६.४ लिटरचे, आठ सिलिंडरांचे प्रचंड इंजिन बसवायचे, एवढीच तिची कल्पना. अशा गाड्यांना पुढे ‘मसल कार’ म्हणू लागले. सरळ रस्त्यावर त्या वाऱ्यासारख्या धावत. वळणावर आणि ब्रेक लावताना मात्र जीव मुठीत धरावा लागे, कारण ताकद इंजिनाची वाढवली होती आणि थांबवण्याची व्यवस्था बहुधा साध्या मोटारीचीच राहिली होती. आज त्या गाड्या नव्याने बांधणाऱ्यांत एक पंथ असा आहे की इंजिन त्या काळचे, त्याच जातीचे ठेवायचे; पण खालच्या स्प्रिंगा, शॉकॲब्सॉर्बर, ब्रेक, स्टिअरिंग आजचे घालायचे. दुसरा पंथ म्हणतो, नटबोल्टसुद्धा त्या सालचा हवा. तिसऱ्याच्या मते वरचा पत्रा तेवढा जुना असला म्हणजे पुरे.

आपल्याकडे मसल कार म्हटले की पोरे काँटेसाचे नाव घेतात. हिंदुस्तान मोटर्सने ती १९८४ ते २००२ या काळात बनवली. तिचे अंग इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचे आणि सुरुवातीला आत अँबॅसडरच्या घराण्यातले दीड लिटरचे इंजिन. म्हणजे पैलवानाचे शरीर आणि कारकुनाची छाती! पुढे इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आले, तेव्हा कुठे त्या अंगाला शोभणारा श्वास मिळाला. आता अस्सल काँटेसा कोणती म्हणायची, पहिली की दुसरी? असो. नाशिकात हा प्रश्न खऱ्या अर्थाने पडतो तो जीपच्या बाबतीत.

नाशिक हे जीपच्या नातवंडांचे गाव आहे. बोलेरो, स्कॉर्पिओ, नवी थार या गाड्या इथल्या कारखान्यातून निघाल्या. इंजिनांचा कारखाना इगतपुरीला. त्यामुळे शहरात जीप समजणारे हात भरपूर, आणि द्वारकेपासून वडाळा नाक्यापर्यंतच्या भागात असे हात बहुतेक आपल्याच मोहल्ल्यांतले आहेत. आमच्या उर्दू शाळेच्या हजेरीपटावर दरवर्षी अशा घरांतली चार-सहा मुले असतात. सुटीत ती गॅरेजमध्ये जातात, आणि जून महिन्यात नखांतले काळे वंगण घेऊन वर्गात येतात.

ज्या जीपची मी गोष्ट करतो आहे ती सीजे-३बी. अमेरिकेत विलीज कंपनीने ती १९५३ साली काढली आणि महिंद्रांनी परवाना घेऊन ती इथे बनवली. तिचे बोनेट उंच का, याचे कारण तिचे ‘हरिकेन’ इंजिन. सुमारे २.२ लिटरच्या या पेट्रोल इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे बाजूला ब्लॉकमध्ये, अशी रचना होती. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली, आणि ते झाकायला बोनेट उंच करावे लागले. या गाडीचा सगळा चेहराच तिच्या इंजिनाने घडवला. इंजिन काढले तर तो उंच कपाळाचा चेहरा निरर्थक होतो. कशासाठी उंच, याचे उत्तर आत राहत नाही.

आणि नेमके तेच इंजिन आपल्याकडे सर्वांत आधी निघाले. पेट्रोल परवडेना, डिझेल पुष्कळ स्वस्त. जीप काळी-पिवळी झाली, तिच्यात दहा-बारा माणसे आणि वर कोंबड्यांच्या पाट्या असा तिचा संसार सुरू झाला. मालकांनी हरिकेन उतरवून भंगारात दिले आणि ट्रॅक्टरचे नाहीतर प्यूजोचे डिझेल इंजिन बसवले. त्यात काही गैर नव्हते. पोटासाठी केलेल्या बदलाला कोणी अस्सलपणाचा जाब विचारू नये. आता पन्नास वर्षांनी त्यांचीच नातवंडे भंगारवाल्यांचे उंबरठे झिजवून तेच इंजिन शोधताहेत.

इंजिन सापडले की पुढचा प्रश्न येतो तो खालच्या अंगाचा. या जीपला चारी चाकांवर कमानपाटे, चारी चाकांना ड्रम ब्रेक, आणि स्टिअरिंग असे की खांदे भरून यावेत. एकावर एक रचलेले पाटे परस्परांवर घासतात, त्या घासण्यानेच धक्का काहीसा जिरतो आणि उरलेला कमरेला मिळतो. कसारा घाट उतरताना ड्रम तापतात, लायनर तापतात आणि पायाखालचा ब्रेक हळूहळू बधिर होत जातो. १९६० साली या रस्त्यावर गाड्या किती होत्या, आणि आज मागून येणारा कंटेनर किती वेगाने येतो? गाडी तीच असेल. घाट तो राहिलेला नाही.

इथे अस्सलपणाचे पुरस्कर्ते एक चांगला मुद्दा मांडतात. ते म्हणतात, जुन्या ब्रेकची जीप चालवणारा माणूस आपोआप सावकाश चालवतो. यंत्राची मर्यादा माणसाला अदब शिकवते. उत्तम कमान आणि उत्तम ब्रेक दिले की तोच माणूस बेफाम होईल. मुद्दा खोटा नाही. पण तो मालकापुरता खरा आहे. रस्त्यावर अचानक आलेल्या शाळकरी पोराला मालकाच्या अदबीचा काय उपयोग? त्याला गाडी थांबायला हवी.

कायद्यानेही या वादात आपले मत दिले आहे, आणि ते विचार करण्यासारखे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे तत्त्व पुन्हा ठासून सांगितले. त्यानंतर २०२१ साली केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि मोठा फेरफार न झालेली खासगी गाडी त्यात बसते, आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरपाटी मिळते. मोठा फेरफार म्हणजे काय हे सांगताना नियमाने तीन नावे घेतली आहेत : चासी, बॉडी आणि इंजिन. कमानपाट्यांचे नाव तिथे नाही. म्हणजे सरकारच्या लेखी गाडीची ओळख हाड, कातडी आणि काळीज यांत आहे, गुडघ्यांत नाही. अमेरिकेत उलटाच प्रकार घडला. महिंद्रांनी याच जुन्या जीपच्या वंशातली रॉक्सर नावाची गाडी २०१८ मध्ये तिथे आणली. जीपच्या तिथल्या मालकांनी तक्रार केली आणि २०२० साली निर्णय त्यांच्या बाजूने लागला. आक्षेप इंजिनावर नव्हता, चेहऱ्यावर होता. चेहरा बदलल्यावर गाडी विकायला परवानगी मिळाली. तिथे ओळख राहत होती कपाळात आणि लोखंडी जाळीच्या फटींत!

नवव्या इयत्तेच्या वर्गात एका मुलाने मला विचारले होते, “सर, चासी धुळ्याहून आणली, इंजिन मालेगावच्या भंगारातून, बॉडी नवीन ठोकली. मग गाडी तीच कशी? आणि आरसी बुक कोणाचं?” त्याचा थोरला भाऊ गॅरेजमध्ये कामाला आहे. हा प्रश्न मोठा पुराणा आहे. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादात रथाबद्दल हेच विचारले आहे : आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? ज्या शहरात त्रिरश्मी डोंगरावर लेणी आहेत, तिथल्या पोराला हा प्रश्न सुचावा यात नवल नाही. आपल्या इल्मे-कलामच्या विद्वानांनी तो जौहर आणि अरज या दोन शब्दांत मांडला. जौहर म्हणजे जे स्वतःच्या बळावर असते ते. अरज म्हणजे रंग, उष्णता, हालचाल यांसारखे जे दुसऱ्याच्या आधाराने असते ते. अशअरी पंथाचे आलिम तर म्हणत की अरज दोन क्षणसुद्धा टिकत नाही, अल्लाह ती दर क्षणी नव्याने निर्माण करतो. त्या हिशेबाने पाहिले तर उभी असलेली जीपसुद्धा दर क्षणी नव्याने बांधली जात असते.

वर्गात मात्र एवढ्याने भागत नाही. त्या मुलाला आरसी बुकाचे उत्तर हवे होते.

मला स्वतःला या बाबतीत सगळ्यांत उपयोगी वाटते ती काबागृहाची हकिकत. आपण सगळे ज्याकडे तोंड करून नमाज पढतो ती वास्तू किती वेळा बांधली गेली, याचा विचार आपण क्वचितच करतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांना नबुव्वत मिळण्यापूर्वी कुरैशांनी ती नव्याने बांधली. त्यासाठी फक्त हलाल कमाईचा पैसा वापरायचा असे ठरले होते; तो पुरला नाही, म्हणून हजरत इब्राहीम (अ.) यांच्या मूळ पायाचा काही भाग बाहेर सोडावा लागला. तोच आजचा हतीम. प्रेषितांच्या मनात ती मूळ पायावर पुन्हा बांधावी असे होते, परंतु लोक नुकतेच इस्लाममध्ये आले आहेत, त्यांची मने बिचकतील, म्हणून त्यांनी ते केले नाही, असे हजरत आयशा (र.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये आहे. पुढे इ. स. ६८३ च्या वेढ्यात इमारतीला आग लागली. हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर यांनी ती मूळ पायावर, दोन दरवाजांसह उभी केली. काही वर्षांतच हज्जाजने ते बदल काढून कुरैशांचा आराखडा परत आणला. नंतर एका अब्बासी खलिफाने इमाम मालिक यांना विचारले, की इब्ने जुबैर यांच्याप्रमाणे पुन्हा बांधू का? इमामांनी नको म्हणून सांगितले. बादशहांच्या हातचे ते खेळणे होईल, येईल तो पाडील आणि बांधील, ही त्यांची भीती. १६३० मध्ये पुराने भिंती कोसळल्या, आणि सुलतान मुराद चौथा याच्या काळात त्या पुन्हा उभ्या राहिल्या.

या सगळ्यात दगड बदलले, छप्पर बदलले, दरवाजे कमी-जास्त झाले. हजरे-अस्वद मात्र तुकडे झाले तरी चांदीत बांधून तोच ठेवला. जागा तीच, दिशा तीच. आणि हतीम? ती पैसा कमी पडल्याची खूण. ती खूण कोणी लपवली नाही. तवाफ करणारा प्रत्येक हाजी आजही हतीमला बाहेरून वळसा घालतो, म्हणजे जे बांधायचे राहून गेले त्याचाही हिशेब पावलांनी ठेवतो.

इमाम मालिक यांचा इशारा गॅरेजला चांगला लागू पडतो. जी गाडी दर मालकाच्या आवडीने पाडली आणि बांधली जाते, ती शेवटी कोणाचीच उरत नाही. म्हणून बदलाला कारण हवे, आणि ते कारण मालकाच्या हौसेहून मोठे हवे. माझ्या मते कसोटी अशी : जो भाग साक्ष देतो तो होता होईतो जुना असावा, ज्या भागावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे तो आजचा असावा. इंजिन साक्ष देते. त्या काळी माणसांनी ताकद कशी निर्माण केली, किती आवाज सहन केला, किती तेल जाळले, हे ते सांगते. ब्रेक आणि कमान यांच्यावर रस्त्यावरच्या बंद्यांचा हक्क आहे, आणि हुकूकुल-इबाद इतिहासाच्या प्रेमापोटी माफ होत नाहीत.

अर्थात साक्ष शंभर टक्के निर्भेळ असते असे नाही. हरिकेन ज्या काळचे, त्या काळी पेट्रोलमध्ये शिसे असे, आणि ते व्हॉल्व्हच्या बैठकींना झीज होण्यापासून वाचवी. २००० सालापासून देशभर बिनशिशाचे पेट्रोल आले. मग बैठकी कडक धातूच्या घालाव्या लागतात. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत गेल्यावर जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा खराब होतो, तोही बदलावा लागतो. काळाशी अगदी तंतोतंत जुळणारे इंजिन तुम्ही आणलेत, तरी तो काळ पंपावर विकत मिळत नाही. शुद्धतेचा हट्ट धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

बदल करणे हे पाप नव्हे. पाप आहे ते बदल झाकण्यात. जुन्या जीपांच्या व्यवहारात हे सर्रास चालते. ब्लॉकवरचा नंबर घासून नवा ठोकतात, मध्य प्रदेशातल्या एका गाडीची पाटी दुसरीवर लावतात आणि ‘पूर्ण ओरिजिनल’ म्हणून दुप्पट भाव घेतात. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा बाहेर काढल्याचा प्रेषितांच्या आयुष्यातला प्रसंग आपल्या पोरांना पाठ असतो. त्या व्यापाऱ्याचा दोष धान्य भिजले हा नव्हता, पाऊस कोणाच्या हाती नसतो. ओले धान्य तळाशी घातले, हा दोष होता. त्या विद्यार्थ्याला मी हेच उत्तर दिले. आरसी बुकात जे लिहिले आहे आणि गाडीत जे आहे ते जुळत असेल, विकताना काय कुठून आणले ते तोंडाने सांगितले असेल, तर गाडीचे नाव काय हा फारसा जड प्रश्न उरत नाही. त्याचे समाधान झाले असे दिसले नाही. नवव्या इयत्तेत ते होऊही नये.

या कंपनीच्या नावाचेच पाहा. १९४५ मध्ये तिची स्थापना झाली तेव्हा ती ‘महिंद्र अँड मोहम्मद’ होती. भागीदार मलिक गुलाम मुहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. कागदांवर छापलेली ‘एम अँड एम’ ही अक्षरे वाया जाऊ नयेत म्हणून तसे केले, असे सांगतात. एक भाग निघाला, त्याच मापाचा दुसरा बसला, आणि वरून काही कळले नाही. पण कंपनीने हा इतिहास लपवला नाही, म्हणून आज वडाळा नाक्यावरचा मिस्त्रीसुद्धा पाना फिरवता फिरवता तो ऐटीत सांगतो.

आता आपल्या घरातले बोलू. आपली अडचण अशी की इंजिन कोणते आणि कमान कोणती, हेच आपण विसरतो. एका बैठकीतले तीन तलाक घ्या. प्रेषितांच्या काळात, हजरत अबू बक्र (र.) यांच्या काळात आणि हजरत उमर (र.) यांच्या खिलाफतीच्या पहिल्या दोन वर्षांत असे तीन एकच मानले जात, अशी हजरत इब्ने अब्बास (र.) यांची रिवायत सहीह मुस्लिममध्ये आहे. लोक उतावळेपणा करू लागले म्हणून हजरत उमर यांनी ते तीन धरले. त्या रिवायतीच्या अर्थावर आलिमांत मतभेद आहेत, हे मला ठाऊक आहे. पण एका काळच्या रस्त्यासाठी बसवलेली कमान पुढे शतकानुशतके इंजिन समजून पुजली गेली, आणि तिचे धक्के बायकांच्या कमरेला बसले. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई सात स्त्रियांना घेऊन मुंबईत मोर्चा काढतात, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येतो २२ ऑगस्ट २०१७ रोजी. एकावन्न वर्षे!

मात्र नवी कमान घालणाऱ्यांनाही गॅरेजमध्ये काही शिकण्यासारखे आहे. नवा भाग कधी एकटा बसत नाही. जीपला आधुनिक पॅराबोलिक पाटे घालायचे तर ते जुन्याच कड्यांत बसतात, चासीला धक्का लागत नाही. तेच कॉइल स्प्रिंगा घालायच्या म्हटले की चासीवर नव्या बैठकी वेल्ड कराव्या लागतात, आणि चासी आतून गंजलेली असेल तर तिथेच तडा जातो. कमान उंच केली की स्टिअरिंगचा दांडा तिरपा होतो. मग एक चाक खड्ड्यात गेले की गाडी चालकाला न विचारता वळते. चांगला मिस्त्री म्हणून आधी चासी उघडी करून हातोडीने ठोकून आवाज ऐकतो. २०१९ च्या कायद्याने एका दमातला तलाक हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरवला. नवरा तुरुंगात गेल्यावर त्या बाईच्या चुलीचे काय, पोटगी कोण देणार, ही चासी मात्र कोणी नीट ठोकून पाहिली नाही. कमान बदलायलाच हवी होती. वेल्डिंग घाईत झाले.

जीप पूर्ण झाल्यावर गॅरेजच्या कोपऱ्यात जुने पाटे पडलेले असतात. मालक ते सहसा नेत नाही. हे पोलाद चिवट असते, वर्षानुवर्षे वाकून सरळ झालेले. लोहार ते किलोवर घेतात, भट्टीत लाल करतात आणि त्याचे कोयते घडवतात. निफाडकडचा ऊस तोडताना पाट्याचा कोयता लवकर बोथट होत नाही, असे मजूर सांगतात.